झाडाच्या बाजूची परवानगी

रस्ता खोदायला परवानगी लागते, असं सांगितलं की लोक हसतात. सुरतेत बारा महिने कुठे ना कुठे रस्ता उकरलेला असतो, तेव्हा तो कोणाला विचारून उकरलाय यावर विश्वास कोण ठेवणार? पण लागते. इंटरनेटची केबल जमिनीखालून टाकणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी नऊ वर्षं आहे, आणि ही परवानगी आणणं एवढंच माझं काम. शेठ कंपन्यांकडून काम घेतात, मजूर चर खोदतात, आणि मी मधल्या मध्ये फायली घेऊन महानगरपालिकेच्या झोन ऑफिसच्या पायऱ्या झिजवते.

तिथल्या बाकाला माझी इतकी सवय झाली आहे की एकदा शिपायाने मलाच ऑफिसची समजून पाणी आणायला सांगितलं. ‘साहेब मिटिंगमां छे, बेन, काले आवजो,’ म्हणजे उद्या या, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की साहेब समोर बसलेले दिसत असतानाही आता राग येत नाही. पूर्वी यायचा. एकदा मी खिडकीतून आत बोट दाखवून म्हणाले होते, ‘मिटिंग कोणाशी आहे, पंख्याशी?’ ती फाईल पुढे दीड महिना हलली नाही. तेव्हापासून तोंडाला कुलूप घातलं.

परवानगीच्या कागदावर चार गोष्टी असतात. कुठून कुठपर्यंत खोदणार, किती खोल, कोणत्या तारखेपर्यंत, आणि रस्त्याच्या कोणत्या बाजूला. यातली चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. एका बाजूला पाण्याची लाईन असते, दुसरीकडे गॅस, कुठे ड्रेनेज, कुठे विजेची मोठी केबल. सगळ्या खात्यांची माणसं एकत्र येऊन जागा बघतात आणि नकाशावर सह्या करतात, असं नियमात लिहिलंय. प्रत्यक्षात ती माणसं चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर येतात, मी नकाशा बाकावर पसरते, चहा सांडू नये म्हणून कोपरे धरून ठेवते, आणि ते सह्या करतात. वीजवाला बहुतेक वेळा तेवढ्यालाही येत नाही. त्याची सही मी त्याच्या ऑफिसात जाऊन आणते.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते मला कळत नव्हतं असं कोणी म्हणू नये. मला सगळं कळत होतं.

ती गल्ली लिंबायतमधली, म्हणजे माझं माहेर. माझे वडील धुळ्याकडून इथे लूमवर, यंत्रमागावर कामाला आले. आई त्याच कारखान्यात बॉबिन भरायची. गल्लीतली निम्मी घरं खानदेशातली, घरात अहिराणी, बाहेर गुजराती, आणि भांडण असेल तर हिंदी. लग्नानंतर मी गोडादऱ्याला राहायला गेले, म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. शेठनी त्या भागातलं काम घेतलं तेव्हा मी मनातून खूश झाले होते. गल्लीतली पोरं मोबाईल हातात धरून गच्चीवर नेटवर्क शोधत फिरायची. आपल्या गल्लीत आपण केबल आणतोय याचा मला गर्वच वाटत होता. आईला तर मी दोनदा सांगितलं होतं की तुझ्या उंबऱ्यापर्यंत तार येणार.

गल्लीच्या मध्यावर एक मोठा निंब आहे. मी परवानगी मागितली ती निंबाच्या बाजूची. समोरच्या बाजूला, लूमच्या भिंतीलगत, विजेची उच्च दाबाची केबल नकाशावर दाखवलेली होती. त्या बाजूने जायचं तर वीज कंपनीची वेगळी ना-हरकत लागते, त्यांचा माणूस खोदताना हजर राहावा लागतो, आणि त्याला महिना-दीड महिना जातो. पावसाळ्याआधी महानगरपालिका खोदाई बंद करते. ती बंदी एकदा लागली की दिवाळीपर्यंत फावडं लावता येत नाही. म्हणून झाडाची बाजू. त्यासाठीसुद्धा तीन महिने गेले, आणि हातात जे पत्र पडलं त्याची मुदत संपत होती बरोबर अखजीच्या आदल्या दिवशी.

अखजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण खानदेशी माणसाला नुसतं अक्षय्यतृतीया म्हणून समाधान होत नाही. पितरांच्या नावाने घागर भरायची, आमरस-पुरणपोळी करायची, आणि मुख्य म्हणजे लेकी माहेरी यायच्या. वर्षभर सासरी राबलेल्या बाया चार दिवस निंबाला झोका बांधून मनसोक्त झोके घेतात, गाणी म्हणतात. सुरतेत आल्यावर आमच्या लोकांचं बरंच काही सुटलं, पण झोका सुटला नाही. ट्रकचे जाड दोर आणायचे, वडीलधारा माणूस फांदीवर चढून गाठ मारायचा. त्या झोक्यावर मीही वाढले.

काम पुढे सरकत आलं आणि शेवटी फक्त झाडाजवळचा तुकडा उरला, पन्नास-साठ फुटांचा. मी खोदाईचं बघायला गेले तर आई आणि गल्लीतल्या सात-आठ बाया झाडाखाली उभ्या. झोका बांधलेला. त्याखालून चर गेला तर झोका काढावा लागणार, आणि निंबाच्या मुळ्या तुटणार त्या वेगळ्याच.

आई म्हणाली, ‘आठे खंदू नको वं बेटा. पोरी वरीसमा एक डाव येतस. झोका कोठे बांधतीन?’ इथे खोदू नको, पोरी वर्षातून एकदाच येतात.

मी म्हणाले, ‘आई, सरकारी कागद आहे. परवाची मुदत आहे.’

‘मंग त्या बाजूले खंद ना. रस्ता तोच से.’

बाकीच्या बाया हसायला लागल्या. एक म्हणाली, आमची पोर इतकी मोठी साहेब झाली की झोका तोडायला आली. ती गंमतच करत होती, पण मला झोंबलं. कोणी माहेरवाशीण माझ्याकडे बघत झोक्यावर बसली आणि दोर करकरला. मी मनात हिशेब केला. थांबलं तर मुदत संपते, नवी परवानगी पावसाळ्याआधी मिळत नाही, काम अर्धवट राहतं, शेठ माझ्यावर ओरडणार. खोदलं तर माहेरात तोंड दाखवायला जागा नाही. समोरच्या बाजूने गेलं तर दोन्ही वाचतात. पन्नास-साठ फूट. एका सकाळचं काम. कोण बघतंय?

आमच्याकडे खोदाईला दाहोदकडचं एक जोडपं होतं. नवरा पहार आणि फावडं चालवायचा, बायको माती उचलायची. चार वर्षांपासून ती दोघं माझ्या प्रत्येक साईटवर असायची. त्याला एकदा रेघ आखून दिली की मागे वळून बघावं लागत नसे. मी त्याला समोरच्या भिंतीकडे नेलं आणि पायाने रेघ ओढून दाखवली. तो थोडा थांबला. म्हणाला, ‘बेन, आ बाजू लाइटनी लाइन तो नथी ने?’ या बाजूला विजेची लाईन तर नाही ना?

बिचाऱ्याने नकाशा कधी पाहिला नव्हता, पण भिंतीवरचा जुना खांब आणि खाली जाणारा पाईप बघून त्याने बरोबर ओळखलं होतं. मी म्हणाले, ‘छे, पण बहु ऊंडी छे. तमे ओछुं खोदजो.’ आहे, पण फार खोल आहे, तुम्ही कमी खोदा. केबल नियमाप्रमाणे कंबरेइतकी खाली असते, वर विटांचा थर असतो, हे मला माहीत होतं. त्या गल्लीत ती प्रत्यक्षात किती खाली आहे हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत असायला हवं होतं तो माणूस चहाच्या लारीपर्यंतसुद्धा आला नव्हता. तरी मी इतक्या ठामपणे सांगितलं की त्याने मान डोलावली आणि पहार उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोन ऑफिसच्या बाकावर होते. दुसरीच फाईल होती. आईचा फोन आला. आई फोनवर कधी घाईत बोलत नाही. म्हणाली, ‘लवकर ये. तो मानूस भाजाई गया.’

मी पोहोचले तेव्हा गल्लीत कधी नसते अशी शांतता होती. वीज गेली होती, आणि आजूबाजूच्या सगळ्या लूम एकदम बंद पडल्या होत्या. जन्मल्यापासून त्या गल्लीत खटखट ऐकली नाही असा दिवस मला आठवत नाही. लूमवाले बाहेर येऊन उभे होते. खोदणाऱ्याला रिक्षात घालून नेलं होतं, बायको त्याच्याबरोबर गेली होती. चराच्या काठाला पहार पडलेली होती, तिचं टोक वितळून वाकडं झालं होतं. भिंतीवर काळा पट्टा उठला होता. माहेरवाशिणी झोक्यापासून लांब, एकमेकींना धरून उभ्या होत्या.

मग मी एक गोष्ट केली, ती का केली ते आजही सांगता येत नाही. कदाचित सवयीने केली असेल. पिशवीतून टेप काढला, चराशी बसले आणि माप घेतलं. रस्त्याच्या पातळीपासून केबलपर्यंत दीड फूट. वर एकही वीट नव्हती. कधीतरी कोणीतरी रस्ता खाली उतरवला असेल, किंवा केबल टाकतानाच कोणाला खोल खणायचा कंटाळा आला असेल. मजुराने माझं ऐकलं होतं. कमीच खोदलं होतं.

वीज कंपनीची माणसं दुपारपर्यंत आली. त्यांनी जोड मारला, माती लोटली, वर डांबराचं ठिगळ लावलं. त्यांच्या अहवालात केबल नियमाप्रमाणे खोल होती आणि विटांचा थर मजुराने फोडला, असं लिहिलेलं मी नंतर वाचलं. त्यांनाही त्यांची नोकरी होती.

शेठनी मला ऑफिसात बोलावलं, दार लावलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘परवानगी कोणत्या बाजूची?’ मी म्हणाले, झाडाच्या. ‘आणि त्याला तिकडे कोणी पाठवलं?’ मी टेबलाकडे बघितलं. शेठ माणूस वाईट नाही. दवाखान्याचा खर्च ते करणारच होते, तसं त्यांनी सांगितलं. पण आपण सांगून परवानगीबाहेर खोदलं असं कागदावर आलं, तर फर्म काळ्या यादीत जाईल, चाळीस माणसांचं काम जाईल, आणि पोलीस पहिल्यांदा तुला उचलतील, असं ते म्हणाले. मग त्यांनीच विचारलं, आणि मजूर स्वतःच्या मर्जीने तिकडे गेला असेल तर? तर त्याला कामगाराची भरपाई मिळायची नाही, एवढंच. ‘एवढंच’ हा शब्द त्यांनी खाली बघून उच्चारला.

मी घरी येऊन खूप रडले. मला भीती वाटत होती. माझ्या दोन मुली शाळेत, नवरा मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतो, आणि लॉकअप म्हणजे काय हे मी फक्त बाहेरून पाहिलं होतं. ही कारणं खरी आहेत, पण ती सांगताना मला माझीच लाज वाटते, कारण त्या माणसाच्या घरीही मुलं होती आणि त्याचे हात आता कामाचे राहिले नव्हते. उजवा हात कोपराच्या वर कापावा लागला. डाव्याची बोटं एकमेकांना चिकटून राहिली.

तिसऱ्या दिवशी पोलीस जमादार दवाखान्यात जबाब घ्यायला आले. शेठनी मला पाठवलं होतं. मजूर औषधाच्या गुंगीत होता. बायको पलंगाशी जमिनीवर बसली होती. जमादारांनी तिला विचारलं, तिकडे खोदायला कोणी सांगितलं?

तिने माझ्याकडे हात केला. रागाने नाही. आपण एखाद्याला पत्ता दाखवतो तसा. ‘आ बेने कीधुं’तुं,’ म्हणाली. या बेननी सांगितलं होतं.

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून परवानगीचं पत्र काढलं, त्यांच्यासमोर धरलं, झाडाच्या बाजूवर बोट ठेवलं आणि म्हणाले, ‘साहेब, परवानगी ह्या बाजूची आहे. मी दुसरीकडे कशाला सांगेन?’

पत्रावर शिक्का होता, तीन सह्या होत्या. तिच्याकडे काय होतं? जमादारांनी लिहून घेतलं. ती माझ्याकडे बघत राहिली. जबाब वाचून दाखवला तेव्हा तिने हरकत घेतली नाही, आणि शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण नेहमी म्हणतो. ती देताना हात थरथरत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. माझं पत्र धरलेलं बोट अगदी स्थिर होतं.

आईला हे कळायला वेळ लागला नाही. गल्लीत काय कळत नाही? संध्याकाळी मी गेले तर ती चप्पल घालून दारात उभी. ‘मी जास पोलीसकडे. मीच सांगं व्हतं तुले, त्या बाजूले खंद. माले धरतीन ते धरू दे.’

मी तिच्यासमोर उभी राहिले. म्हणाले, ‘आई, तू सांगितलंस तर तिकडे खोदायचं मी ठरवलं हे सिद्ध होईल. तुला नाही, मला नेतील. पोरींना कोण बघेल?’ तिचे खांदे पडले. ती उंबऱ्यावर बसली आणि बराच वेळ चपला काढायच्याच विसरली. मग म्हणाली, ‘तुले ह्यानाकरता शिकाडं का?’ गल्लीत बारावीपर्यंत पोचलेली मी पहिली मुलगी. वडिलांनी त्यासाठी दोन पाळ्या केल्या होत्या. मला त्या क्षणी तिचा रागही आला, हे कबूल केलं पाहिजे. झोका तिला हवा होता ना?

पुढे महिनाभर आई रोज दवाखान्यात डबा घेऊन जायची. भाकरी, डाळ, कधी पिठलं. ती त्याला घास भरवायची, कारण त्याच्या बायकोला औषधं आणायला, ड्रेसिंगच्या खोलीबाहेर रांग लावायला जावं लागे. आईने तिथे काय सांगितलं, काही सांगितलं की नाही, मी कधी विचारलं नाही. तिनेही मला सांगितलं नाही. आमच्यात तेव्हापासून जेवलीस का, पोरी कशा आहेत, इतकंच बोलणं राहिलं.

पावसाळ्याआधी ते काम पूर्ण झालं. झाडाच्या बाजूने, चार दिवसांची वाढीव मुदत घेऊन. ती मुदत मागितल्यावर साहेबांनी एका दिवसात दिली. अपघात झालाय म्हणून सहानुभूतीने दिली. म्हणजे आधी नुसतं जाऊन विचारलं असतं तर कदाचित मिळाली असती. नऊ वर्षं ‘काले आवजो’ ऐकून मी विचारायचंच सोडून दिलं होतं. हे मला साहेबांच्या टेबलासमोर उभं असताना उमगलं आणि मी समोरच्या खुर्चीत बसले. शिपायाने पाणी आणून दिलं.

मजुराला घरी सोडलं त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकापाशी गेले. जायची हिंमत नव्हती, पण न जाण्याचीही नव्हती. दोघं गावाकडची बस धरायला निघाले होते. बायकोच्या डोक्यावर गाठोडं, हातात औषधांची पिशवी. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही पिन लावून दुमडलेली होती. मला बघून तो थांबला. मला वाटलं आता तो बोलेल, आणि खरं सांगते, त्याने शिव्या द्याव्यात असं मला फार फार वाटत होतं.

तो म्हणाला, ‘बेन, तमे तो ओछुं खोदजो कीधेलुं. हुं ज वधारे ऊंडो ऊतरी गयो.’ तुम्ही तर कमी खोदायला सांगितलं होतं, मीच जास्त खोल गेलो. वीज कंपनीच्या माणसांनी त्याला तसं सांगितलं होतं, जमादारांनी सांगितलं होतं, कोणीतरी कागदही दाखवला होता. बाजू कोणती, परवानगी कुठली, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला एकच बोचत होतं, की इतकी वर्षं पहार धरून हाताला अंदाज कसा आला नाही. महिनाभर पलंगावर पडून त्याने तेवढाच विचार केला होता.

दीड फूट हे माप माझ्या टेपवर होतं. एका वाक्याचं काम होतं. तू खोल गेला नव्हतास, भाई. पण ते वाक्य बोललं की पुढचं बोलावं लागलं असतं, मग त्याच्या पुढचं, आणि शेवटी जमादारांपर्यंत जावं लागलं असतं.

मी म्हणाले, ‘थई जाय, भाई. कोई वार अंदाज न आवे.’ होतं असं कधी कधी.

त्याने मान हलवली. त्याला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. बायकोकडे वळून तो म्हणाला, ‘जो, बेन पण ए ज कहे छे.’ बघ, बेनसुद्धा तेच म्हणतेय. तिने गाठोडं सावरलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्याला म्हणाली, ‘हा, एवुं ज हशे.’ तसंच असेल. मग त्याच्या दंडाला धरून ती रस्ता ओलांडू लागली.